वाघाचा फोटो येईपर्यंत

फोर्टात नोकरी लागून मला अकरा वर्षं झाली. सकाळी डोंबिवलीहून फास्ट, सीएसएमटीला उतरायचं, डी. एन. रोडच्या कमानींखालून झपाझप ऑफिस गाठायचं आणि संध्याकाळी तीच वाट उलटी. एवढ्या वर्षांत या रस्त्यावर मी वर बघून चालले नव्हते. खाली बघूनच चालावं लागतं, नाहीतर कुणाच्या तरी टोपलीत पाय पडतो.

जानेवारीतला एक गुरुवार मात्र मोकळा मिळाला. नवरा कामानिमित्त नाशिकला, लेक आजीकडे. साडेपाचला ऑफिस सुटलं आणि घरी कुणी वाट बघत नाही हे लक्षात आल्यावर पावलं स्टेशनऐवजी काळाघोड्याकडे वळली. एकटीनं, कुणाला न सांगता, नुसतं बघायला म्हणून बाहेर पडण्याची ती माझी पहिलीच वेळ.

जहांगीर आर्ट गॅलरी सातपर्यंत उघडी असते आणि आत जायला पैसे पडत नाहीत, हे माहीत असूनही मी तिथं कॉलेजात असताना एकदाच गेले होते. १९५२ पासून ही गॅलरी तिथं आहे. आत एका निवृत्त चित्रकला शिक्षकांची जलरंगातली चित्रं लागली होती: घाट, देवळाच्या पायऱ्या, पावसात उभी एसटी. ते स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. "सर, फोटो काढला तर चालेल?" विचारलं. म्हणाले, "काढा की ताई, फ्लॅश तेवढा मारू नका." काढला. काचेवर वरचे दिवे आले आणि मधोमध माझीच सावली. ते उठून आले, मला दोन पावलं डावीकडे सरकवलं, म्हणाले, "आता बघा." सावली गेली, दिवेही गेले. तिथून त्यांनी मला एकेक चित्र फिरून दाखवलं. कागद कुठं कोरा सोडलाय आणि पांढरा रंग म्हणून काहीच कसा वापरलेला नाही, ते बोट दाखवून सांगितलं. बाहेर फुटपाथवर चित्रकार ओळीनं बसलेले. समोर बसवून माणसांची चेहरेपट्टी काढणं चालू होतं. एका आजोबांचं चित्र पूर्ण होईपर्यंत मी थांबले. कानाच्या पाळीला त्या मुलानं कोळशाच्या तीनच रेघा दिल्या आणि कान झाला.

काळ्या घोड्याची गोष्ट लेकीला सांगायची म्हणून नीट वाचून घेतली. मूळ घोड्यावर इंग्लंडचा सातवा एडवर्ड बसलेला होता. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे. पुतळा गेला तरी लोकांनी नाव सोडलं नाही. २०१७ मध्ये तिथं नवा घोडा उभा राहिला, या वेळी स्वाराविना. मला हा रिकाम्या पाठीचा घोडा मनापासून आवडतो.

हुतात्मा चौकात पोहोचले तेव्हा आकाश गडद निळं झालं होतं आणि दिवे लागले होते. मशाल धरलेले शेतकरी-कामगार आणि त्यांच्याशेजारी फ्लोरा फाउंटन, एक आपला, एक साहेबाचा, एकाच नजरेत येतात. फाउंटन १८६४ चं. वर उभी असलेली फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी, इंग्लंडातून आणलेल्या पोर्टलँड दगडात कोरलेली आहे. तिच्या वस्त्राच्या चुण्यांत दिव्याचा उजेड अडकला होता. मोबाइल काढला, फोटो घेतला. आला तो साबणाच्या वडीसारखा. चुण्या पुसून गेलेल्या, चेहऱ्याच्या जागी पिवळट डाग.

तसंच सीएसएमटीच्या फाटकाशी झालं. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर करून वाघाकडे पाहिलं. पंजाच्या बोटांमध्ये काजळी साचली होती, बोटं मात्र एकेक सुटी कोरलेली. ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली आणि तिच्यावरचं बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी छिन्नी धरून घडवलेली पानं, मोर, माकडं आम्हा लोकल पकडणाऱ्यांच्या डोक्यावर एवढी वर्षं आहेत. मी दहा-बारा फोटो काढले. एकाही फोटोत वाघाची बोटं आली नाहीत. गाडीत बसल्यावर ते फोटो मोठे करून बघत होते आणि डोळ्यांत पाणी आलं. मला ती बोटं घरी न्यायची होती.

कॅमेरा घ्यायचा हे मुंब्र्यापर्यंत ठरलं. पैसे म्हणजे माझ्या भिशीचे वीस हजार. त्याच्यावर एक रुपया नाही, कारण जूनमध्ये लेकीची फी होती.

नव्या कॅमेऱ्यांच्या किमती बघून दुसऱ्याच दिवशी कळलं की वीस हजारांत नवं कामाचं काही मिळायचं नाही. जे मिळत होतं त्यांचे सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला तुकडा, मोबाइलपेक्षा फार मोठे नव्हते. अंधारात सगळा खेळ सेन्सरचा आणि लेन्सचा. मोबाइलचा सेन्सर नखाएवढाही नसतो; साध्या डीएसएलआरचा, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा, सुमारे तेवीस मिलिमीटर रुंद असतो. मोबाइल उजेडाची ती तूट भरून काढायला चार-सहा फोटो एकात एक मिसळतो आणि त्या घासाघाशीत दगडाचा खरखरीतपणा जातो. म्हणजे मला हवा होता जुना, वापरलेला डीएसएलआर.

पहिला व्यवहार फसला. ऑनलाइन जाहिरात बघून ठाणे स्टेशनबाहेर एका माणसाला भेटले. कॅमेरा बारा हजारांना, बाहेरून चकाचक. मी भुलले आणि हजार रुपये टोकन दिलं. मग लेन्स उजेडाकडे धरली तर काचेच्या आत, अगदी कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. मुंबईच्या दमट हवेत कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला ती सहज लागते आणि आतली काच खाते. "असं असतंच, फोटोत दिसत नाही," म्हणाला. मी कॅमेरा घेतला नाही. हजार रुपये परत मिळाले नाहीत. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, कारण ते हजार भिशीत भरायला मी रोजची रिक्षा सोडून चालत जाऊन साठवलेले होते.

त्यानंतर मी बसून कागदावर सगळं उतरवून काढलं आणि त्या शनिवारी बोराबाजार गाठला. सीएसएमटीपासून हाकेच्या अंतरावर कॅमेऱ्यांच्या दुकानांची ही गल्ली आहे. इतकी वर्षं शेजारून गेले, कधी शिरले नव्हते. पहिल्या दुकानात मी बाई आणि एकटी बघून मला गुलाबी पट्ट्याचा छोटा कॅमेरा दाखवला. तिथून निघाले. दुसऱ्या दुकानात काउंटरमागच्या मध्यमवयीन गृहस्थांनी आधी विचारलं, "मॅडम, कसले फोटो काढणार?" मी म्हटलं, "रात्रीच्या इमारती. दगडावरचं कोरीवकाम. ट्रायपॉड नाही, हातात धरून." ते हसले नाहीत. मागे जाऊन निकॉन डी३३०० घेऊन आले.

२०१४ सालचं मॉडेल, चोवीस मेगापिक्सेल. मी माझा कागद काढला. आधी फोटो काढून कार्डवरची मूळ फाइल त्यांच्या लॅपटॉपवर उघडायला लावली. निकॉन त्या फाइलमध्येच शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, किती वेळा पडलं ते लिहून ठेवतो. आकडा चौदा हजारांच्या पुढे होता. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाखापर्यंत चालतं असं धरतात, म्हणजे आयुष्य बरंच शिल्लक. मग लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र अगदी बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो: सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. दोन दिसले, फुंकणीनं एक उडाला, दुसरा त्यांनी साफ करून दिला. झाकण लावून पाच सेकंदांचा काळा फोटो, त्यात बिघडलेल्या सेन्सरचे चमकणारे लाल-निळे बिंदू नाहीत. फोकसचे अकरा बिंदू एकेक करून तपासले. बॅटरी फुगलेली नाही ना ते काउंटरवर ठेवून गोल फिरवून बघितलं. दुकानदार सगळं शांतपणे करू देत होते. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी.

आता लेन्स. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स माझ्या कामाची नव्हती, अंधारात ती फार कमी उजेड घेते. मी पन्नास मिलिमीटरची, छिद्र एक पॉइंट आठपर्यंत मोठं उघडणारी लेन्स मागितली, कारण सगळे तीच स्वस्त म्हणून सांगतात. त्यांनी हात आडवा केला. "जुनी डी लेन्स तुम्हाला तीन-चार हजारांत देईन, पण या बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात, फोकसची मोटर नाही. प्रत्येक फोटोला हातानं रिंग फिरवावी लागेल. शिवाय पन्नास या बॉडीवर लांबचं दाखवते, आपल्या गल्लीत मागे सरकायला जागा कुठाय?" आणि त्यांनी पस्तीसची एक पॉइंट आठ जी ठेवली. तिच्यात मोटर आतच असते. किट लेन्स पस्तीसवर जेवढा उजेड घेते त्याच्या सुमारे सहापट ही घेते. मोबाइलचा टॉर्च मागून मारून मी काच आरपार पाहिली, फिरवून फिरवून पाहिली. धागा नाही, धुळीचे दोन कण होते. तेवढे चालतात.

किट लेन्स परत ठेवून घेऊन बॉडी आणि पस्तीस मिळून साडेएकोणीस सांगितले. मी अठरावर अडले. माझ्या वीस हजारांतले हजार ठाण्याला गेले होते आणि कार्ड, पिशवी अजून घ्यायची होती. ते खरं कारण होतं, तसंच सांगितलं. साडेअठराला जमलं, कार्ड त्यांनी त्यातच दिलं. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा नंबर लिहून घेतला, कॅमेरा उलटा करून बुडाशी असलेल्या नंबराशी ताडून पाहिला. पंधरा दिवसांची दुकानाची हमी, तीही हातानं लिहून घेतली, सही-शिक्क्यासकट. पिशवी घेतली नाही. डाळीचा हवाबंद डबा रिकामा केला, ओलावा शोषणाऱ्या पुड्या तळाशी टाकल्या. कॅमेरा आजही त्यातच राहतो.

पुढचे दहा दिवस डब्यात शिरायला मिळेल त्या गाडीत मी कॅमेऱ्याची पुस्तिका वाचत होते. विजेचे दिवे लुकलुकतात, फोटोवर पट्टे पडतात, ते टाळायला आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेला शटर एक-पन्नासांश किंवा एक-शतांश ठेवायचं, हे घरातल्या ट्यूबलाइटखाली करून करून शिकले. उजळ दगड पांढराफटक पडतो म्हणून उजेड मुद्दाम एक पायरी कमी ठेवायचा, हे देवघरातल्या समईनं शिकवलं.

पुन्हा गुरुवारच आला. या वेळी घरी सांगून निघाले, नवरा म्हणाला, "आठची गाडी चुकली तरी चालेल, आमटी मी करतो." फाटकाशी गर्दीच्या कडेला खांबाला पाठ लावून उभी राहिले. सेन्सर उजेडाला किती हळवा ते ठरवणारा आयएसओ आठशे, छिद्र एक पॉइंट आठ, शटर एक-पन्नासांश. कोपर पोटाशी घट्ट, श्वास अर्धा सोडून थांबले. पहिला हलला. दुसऱ्यात मधे बसचा दिवा आला. एक हवालदार थांबून बघत होते. "काय बाई, एवढा वेळ?" मी स्क्रीन दाखवली. चौथा फोटो होता. मोठा करत गेले: जबडा, मान, मग पंजा. बोटांमधली काजळी काळी आणि तिच्या कडेनं छिन्नीच्या आडव्या रेघा, एक, दोन, तीन. हवालदारांनी मान वर करून खऱ्या वाघाकडे पाहिलं, मग परत स्क्रीनकडे. म्हणाले, "सिंहाचा पण काढा ना."

मी पलीकडच्या खांबाकडे गेले.