तुम्ही विचारलंत म्हणून: बुरशीवर नेमकं काय मारायचं?

प्रश्न विचारणाऱ्याच्या घरचं चित्र बहुतेक वेळा सारखंच असतं. दमट खोलीत गेलं की कोणाला तरी खोकला सुटतो, छाती भरून येते, डोकं जड होतं. त्याच माणसाला अत्तर, फिनाईल, ताज्या रंगाचा वासही सोसत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात आणि मग विचारणा होते, यावर काय मारू?

काही मारू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

बुरशी मेली तरी तिचे बीजाणू आणि तुकडे जागेवरच राहतात, आणि अ‍ॅलर्जी असलेल्याला ते मेलेलेही तेवढेच छळतात. ब्लीचमधलं औषध गिलाव्यात फार खोल जात नाही, त्यातलं पाणी मात्र मुरतं, म्हणजे ओलीत भरच. वर क्लोरीनचा वास, जो या माणसाला नकोच असतो. त्यात कोणी व्हिनेगर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाचं क्लीनर मिसळलं तर क्लोरामाइन, तोही विषारी वायूच. ओल्या भिंतीवर रंग फासणं तर सगळ्यात वाईट, कारण थोड्याच दिवसांत पोपडे येतात आणि बुरशी त्यांच्या मागे वाढत राहते.

पाणी शोधायला अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरते. भिंत पुसून कोरडी करा, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा तुकडा लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. दोन दिवसांनी उचला. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी आतून झिरपतंय: पाइप, गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. (चिकटपट्टी चिकटतच नसेल तर उत्तर मिळालंच.) कोरड्या दिवसांत केलेली ही चाचणी पावसातल्या गळतीबद्दल काहीच सांगत नाही, हे विसरू नका.

वाफेचा मामला असेल तर हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर घ्या, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पेस्ट होण्याइतकंच पाणी घाला, आणि झाकण व मीटर एका हवाबंद पिशवीत ८ ते १२ तास ठेवा. आकडा ७५ टक्के यायला हवा. ८० आला तर तुमचा मीटर ५ जास्त दाखवतो, तेवढे वजा करून वाचा. आर्द्रता कायम ६० टक्क्यांच्या खाली हवी, ३० ते ५० असेल तर उत्तम. आणि मीटर टेबलावर नको, कपाटामागे ठेवा. खोलीत २५ अंश आणि ६० टक्के असताना जी भिंत १७ अंशांच्याही खाली आहे तिच्यावर दव धरतं. म्हणून खोलीच्या मध्यावरचा आकडा छान दिसतो आणि कपाटामागे मात्र काळं होत जातं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर पुढे ओढणं हा फुकटचा उपाय आहे, आणि लोक नेमका तोच टाळतात.

पाणी थांबल्यावर सफाई. डाग साधारण एक चौरस मीटरपर्यंत असेल तर घरी जमतं, त्याहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवा. सफाई आजारी माणसाने करायची नाही, त्या वेळी त्याने घरातही थांबायचं नाही. करणाऱ्याने एन-९५ मास्क, लांब हातमोजे आणि छिद्रं नसलेला गॉगल घालावा. फरशी, काच, धातू बिनवासाचा डिटर्जंट आणि पाण्याने पुसून लगेच वाळवा. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. जिप्सम बोर्ड, गालिचा, गादी यांत बुरशी शिरली असेल तर वाचवायच्या फंदात पडू नका. तिथल्या तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर काढा. पुढे काहीही भिजलं तर २४ ते ४८ तासांत वाळलं पाहिजे.

हवेच्या यंत्रांबाबत गल्लत होते. हेपा फिल्टर (हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातली बारीक कण गाळणारी दाट गाळणी) ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, वास आणि वायू मात्र आरपार जातात. त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वास शोषणारा खास कोळसा लागतो, तोही चांगला वजनदार. या कार्बनचा नुसता काळा मुलामा दिलेली पातळ जाळी लवकरच भरून जाते. एन-९५ मास्कचंही तेच: धुळीला चालतो, रंगाच्या वासाला नाही. ओझोन सोडणारं यंत्र घरात नकोच, ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रास देतो.

आता आजाराबद्दल. ओल आणि बुरशीचा दमा व श्वसनाच्या तक्रारींशी असलेला संबंध पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचनाच काढल्या. वासांच्या त्रासाचं तसं नाही. त्रास खरा असतो, पण कारणावर वाद आहे आणि रक्ताची एकही तपासणी त्याचं निदान करत नाही. लघवीतल्या बुरशी-विषांच्या चाचणीवर पैसे घालवू नयेत असं आमचं मत, कारण ही विषं अन्नातूनही येतात आणि धडधाकट माणसांच्या लघवीतही सापडतात. डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) आणि त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी मागा. प्रतिकारशक्ती कमी असेल तर अजिबात वेळ घालवू नका, तिथे बुरशीचा थेट संसर्ग होऊ शकतो.

घरातल्या वस्तू बदलताना एका वेळी एकच बदला आणि दोन आठवडे थांबा. सुरुवात सुवासिक साबण, फॅब्रिक सॉफ्टनर आणि रूम फ्रेशनरपासून करा. ‘बिनवासाचं’ लिहिलेल्या बाटलीतही वास झाकणारं सुगंधी द्रव्य असू शकतं, म्हणून मागची यादी वाचा. सगळं एकदम फेकून दिलं तर बरं कशाने वाटलं ते कळत नाही, आणि पुढे भीतीपोटी एकेक खोली, एकेक माणूस टाळला जातो.