गेले पंधरा दिवस, एकेक करून

रशियाच्या अतिपूर्वेला, खाबारोव्स्कला, मी सहा वर्षं मेडिकल केलं आणि त्यानंतर दोन वर्षं संसर्गरोगांची ऑर्डिनातुरा, म्हणजे आपल्याकडची रेसिडेन्सी. आता सिंधुदुर्गात सरकारी नोकरीत आहे. इथे लिहितेय ते तिथल्या एका आजींबद्दल, ऑर्डिनातुराचं माझं पहिलं वर्ष संपत आलं होतं, जूनचा पहिला आठवडा होता.

मे-जून म्हणजे तिकडे क्लेश्चचा सीझन. क्लेश्च म्हणजे गोचीड. बर्फ वितळला की ताईगात, म्हणजे तिथल्या जंगलात, गवताच्या शेंड्यावर पुढचे दोन पाय पसरून ती बसलेली असते आणि माणूस नाहीतर जनावर घासून गेलं की चिकटते. शहरातल्या लोकांना हे इतकं पक्कं माहीत असतं की चावलेली गोचीड काढून ओल्या कापसासकट छोट्या बाटलीत घालून जिवंत घेऊन येतात, कारण लॅबमध्ये गोचिडीचीच तपासणी होते, तिच्यात विषाणू निघाला तर माणसाला इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शन, तेही पहिल्या चार दिवसांच्या आत. ओपीडीच्या टेबलावर औषधाच्या, मसाल्याच्या, लहान मुलांच्या खाऊच्या अशा बाटल्यांची रांग लागलेली असायची, आत ती तपकिरी चपटी गोष्ट हळूहळू चालतेय. त्या आजाराचं नाव क्लेश्चजन्य मेंदूज्वर. युरोपात तो होतो त्यात शंभरात एक-दोन जातात, अतिपूर्वेकडचा प्रकार कितीतरी वाईट, आणि जे वाचतात त्यांतल्या काहींची मान आणि खांदे कायमचे लुळे पडतात.

तर त्या दिवशी सकाळच्या राउंडला चार नंबरच्या बेडवर एक नवीन आजी होत्या. वय चौऱ्याहत्तर. दुसऱ्या एका हॉस्पिटलने त्यांना दोन दिवस पक्षाघात म्हणून ठेवलं होतं, उजवा हात उचलत नव्हता म्हणून, पण ताप एकोणचाळीसच्या खाली येईना आणि डोकं इतकं दुखत होतं की उजेड सहन होईना, मग आमच्याकडे पाठवलं. हिस्टरी घ्यायचं काम माझं. मी विचारलं, ताईगात गेला होतात का? न्येत, म्हणजे नाही. गोचीड चावली? न्येत. घराबाहेर? दुकानात, बस. पाचव्या मजल्यावर राहतात, गुडघे दुखतात, दोन वर्षं शहराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मी कागदावर लिहिलं, क्लेश्चशी संपर्क नाही, जंगलात गेल्याचा इतिहास नाही, आणि पुढच्या बेडकडे वळले.

आमच्या विभागप्रमुख बाई सत्तरीच्या जवळ होत्या. तिकडे डॉक्टरांना नाव आणि वडलांचं नाव जोडून हाक मारतात, मीही तशीच मारायचे, पण इथे त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. त्यांनी माझा कागद वाचला, काही बोलल्या नाहीत, आजींच्या पलंगावर बसल्या आणि खिशातला स्वतःचा कंगवा काढून त्यांच्या उजव्या हातात दिला. म्हणाल्या, केस विंचरा. आजींनी बोटं घट्ट मिटली, कंगवा धरला, मनगट हललं, कोपरापर्यंत हात आला आणि तिथेच थांबला, खांदा वर जाईना. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात खालून उचलून धरला आणि कंगवा कपाळापर्यंत नेला. आणि त्याच वेळी मला दिसलं की त्यांची मान पुढे पडतेय, हनुवटी छातीला टेकतेय, आणि आल्यापासून त्या उशीला डोकं टेकूनच बोलत होत्या ते अशक्तपणामुळे नव्हतं. पक्षाघातात चेहरा जातो, पाय जातो, एका बाजूचं सगळं जातं. इथे हाताची बोटं शाबूत आणि खांदा अन मान गेलेली. हे पाठ्यपुस्तकात मी वाचलेलं होतं, चित्रासकट, आणि समोर असताना बघितलं नव्हतं.

बाई मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हा आजार पहिल्यांदा गोचिडीचा आहे हे कोणाकडून कळलं, माहीतेय? मी म्हटलं झिल्बर, १९३७. त्या म्हणाल्या, नाही, झिल्बरला कोणाकडून कळलं ते विचारतेय मी.

मग उभ्याउभ्या त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर पुन्हा पुन्हा वाचून काढलं. १९३० च्या दशकात अतिपूर्वेला रेल्वे, लाकूडतोड, सैन्याच्या छावण्या असं सगळं नव्याने उभं राहत होतं, हजारो माणसं ताईगात पाठवली जात होती आणि दर वसंतात त्यांतली काही अचानक तापाने, मेंदूच्या आजाराने मरत होती. आधी डॉक्टर त्याला विषारी फ्लू म्हणायचे. व्लादिवोस्तोकचे लष्करी न्यूरोलॉजिस्ट पानोव यांनी १९३० च्या दशकाच्या मध्याला हा मेंदूज्वर आहे हे ओळखलं, पण त्यांना तो जपानी मेंदूज्वर वाटला, म्हणजे डास. १९३७ च्या मे महिन्यात मॉस्कोहून लेव झिल्बर तरुण डॉक्टरांची मोहीम घेऊन आले, त्यांच्याही डोक्यात डासच होते. काही जणांना वाटायचं खोकल्यातून पसरतो. पण ओबोर नावाच्या लाकूडतोड्यांच्या वस्तीत, खाबारोव्स्कपासून ते फार लांब नाही, झिल्बरनी आजाऱ्यांची यादी बघितली तर केसेस मेच्या सुरुवातीच्या, तेव्हा डास अजून जोरात नसतात. आणि एकाच घरातल्या दोघांना झालाय असंही दिसेना. मग ते त्या सीझनच्या पहिल्या आजारी व्यक्तीकडे गेले. ती लाकूडतोड्या नव्हती, घरात राहणारी बाई होती. कुठे गेली नाही, कोणी पाहुणा आला नाही. झिल्बर विचारत राहिले, मागे मागे जात राहिले, तेव्हा तिला आठवलं की आजारी पडायच्या दोन आठवडे आधी ती गेल्या वर्षीच्या पडलेल्या चिलगोज्यासारख्या सीडरच्या बिया वेचायला रानात गेली होती आणि घरी आल्यावर अंगावरनं गोचिडी काढल्या होत्या. नंतर त्यांना गुरांच्या डॉक्टरांचं एक पुस्तक मिळालं, त्यात गाईंना गोचीड कुठल्या महिन्यात किती चावते याचा आलेख होता. माणसांच्या आजाराचा आलेख त्याच्यासारखाच, फक्त दोन आठवडे पुढे सरकलेला. मे महिन्यातच त्यांनी मोहिमेतली माणसं गोचिडीच्या मागे लावली, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत विषाणूचे २९ स्ट्रेन वेगळे काढले होते. तीन महिन्यांत! आजच्या लॅबमध्ये बसूनसुद्धा मला हा वेग थक्क करतो.

बाई म्हणाल्या, तू तिला ताईगाबद्दल विचारलंस, तिने ताईगाबद्दल उत्तर दिलं. आता जा, आणि गेले पंधरा दिवस एकेक करून विचार. ताप आला त्या दिवसापासून मागे.

मी स्टूल घेऊन बसले. माझं रशियन तोपर्यंत ठीक होतं पण म्हाताऱ्या माणसांचं बोलणं पटकन कळायचं नाही, त्यामुळे त्यांनाही हळू बोलावं लागत होतं आणि मला वाटतं त्याचाच फायदा झाला. ताप ३१ मेला आला. ३० ला काय केलं? सूप. कोणतं? कोबीचं. २९ ला शेजारीण आली होती. २६ ला पेन्शन. असं मागे जात जात आम्ही १९ तारखेपाशी आलो आणि त्या म्हणाल्या, त्या दिवशी चेरेमशा केली. चेरेमशा म्हणजे रानलसूण, मे महिन्यात रानात उगवतो, रुंद पानं असतात, तिकडचे लोक मीठ लावून बरण्या भरतात. मी विचारलं कुठून आणली? नातू घेऊन आला, पोतंभर, रानातून. मग? मग काय, स्वयंपाकघरात बसून निवडली, मांडीवर घेऊन, दुपारभर. हे सांगताना त्या डाव्या हाताने मांडीवरची चादर अशी निवडत होत्या, एकेक पान बाजूला केल्यासारखी.

मी बाईंना हाक मारली नाही, आधी टॉर्च घेतला. त्यांचे केस पांढरे, पातळ, मागे अंबाडा आणि त्यात चार काळ्या पिना. विचारून एकेक पिन काढली. उजव्या कानाच्या मागे, केस सुरू होतात तिथे, मुगाच्या दाण्याएवढी खपली होती, भोवती फिकट गुलाबी कडा. त्या म्हणाल्या, हां, तिथे खाजत होतं, मला वाटलं पिन लागली असेल. गोचीड केव्हाच पोट भरून पडून गेली होती. तिच्या लाळेत बधिर करणारं काहीतरी असतं, चावलेलं कळतच नाही खूप जणांना.

पाठीतलं पाणी काढलं, त्यात लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, वाढलेले, आणि दोन दिवसांनी रक्तातल्या आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीच्या, अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या. इम्युनोग्लोब्युलिन दिलं, पण एव्हाना विषाणू मज्जारज्जूत बसला होता आणि त्यावर थेट काम करणारं औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. आजी वाचल्या. खांदा नाही आला. पाच आठवड्यांनी घरी गेल्या तेव्हा नातू न्यायला आला होता, विशीतला मुलगा, तो सारखा आजीच्या हाताकडे बघत होता आणि त्या त्याला म्हणत होत्या की बरण्या फार छान झाल्यात, हिवाळ्यात पुरतील. त्या मुलाला कोणीच काही बोललं नाही, मला ते बरोबरच वाटलं.

त्या मोहिमेतल्या माणसांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण आपण त्यांच्या नावाशिवाय त्यांचं सगळं वापरतो. मिखाइल चुमाकोव तेव्हा २७ वर्षांचे होते, शवविच्छेदन करताना त्यांना लागण झाली, ऐकू येणं गेलं आणि उजवा हात लुळा पडला, जन्मभर. पुढे याच चुमाकोव यांनी सेबिनच्या पोलिओ डोसचं उत्पादन आणि चाचण्या सोव्हिएत युनियनमध्ये उभ्या केल्या, १९५९-६० मध्ये कोट्यवधी लोकांना ते डोस दिले गेले आणि तोंडातून द्यायची लस सुरक्षित आहे हे जगाला त्यातून पटलं. आपल्याकडे प्रत्येक बूथवर जे दोन थेंब दिले गेले त्याच्या मागे तो लुळा हात आहे. नादेज्दा कागान यांनी या मेंदूज्वराची पहिली लस केली आणि लॅबमधल्या त्याच विषाणूने त्यांचा जीव घेतला. आणि झिल्बर मॉस्कोला परतले ते त्याच वर्षी अटकेत गेले, आरोप काय तर मेंदूज्वर पसरवायचा कट. ज्याने तो आजार कसा पसरतो हे शोधलं त्याच्यावर! १९३९ ला सुटले, १९४० ला पुन्हा आत. पेचोराच्या छावणीत कैदी पेलाग्राने, म्हणजे जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, मरत होते तर त्यांनी रेनडिअर खातात त्या शेवाळासारख्या वनस्पतीवर यीस्ट वाढवून त्यातून औषध काढलं आणि माणसं वाचवली. हे वाचताना माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

परत आल्यावर माझं पोस्टिंग सिंधुदुर्गात झालं तेव्हा मला माकडतापाबद्दल पुस्तकी माहिती होती. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणायला लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आताच्या एनआयव्हीने, विषाणू शोधला आणि तो निघाला या रशियन मेंदूज्वराच्याच घराण्यातला. म्हणून सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची लसच तिथल्या लोकांना देऊन बघितली होती, ती उपयोगी पडली नाही. सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी तर हे आणलं नाही ना, या शंकेपोटी सलीम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या. २०१६ पासून हा माकडताप आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्गात आला, मग बांद्याकडे. इथे गोचीड वेगळ्या जातीची, सीझनही वेगळा, जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूचा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ओपीडीला एक काकी आल्या, पाच दिवस ताप, अंग मोडून आलेलं, डोळे लाल. आमच्या सिस्टरने आधीच विचारून ठेवलं होतं, रानात गेल्लात काय, वानर मेलेलो बघल्यात काय, आणि केसपेपरवर दोन्हीकडे नाही लिहिलेलं होतं. गर्दी खूप होती, बाहेर चाळीसेक पेशंट. मी काकींना विचारलं, घरातच होतात का सगळे दिवस?

"रानात? नाय ओ डॉक्टर, मी खंय रानात जातंय. काजीतलो पातेरो तेवढो झाडूक गेललंय."

पातेरो म्हणजे झाडाखालचा पाचोळा. मी सिस्टरला दार लोटायला सांगितलं, स्टूल ओढून काकींच्या जवळ बसले आणि विचारलं, कधी गेलात, कुठला वार होता. त्या बोटांवर मागे मागे मोजायला लागल्या.