चहासाठी विमान कशाला?

पुण्याला गेले की हा प्रश्न चुकत नाही. हडपसरची मावशी विचारते, "अगं, पण ते विमान घेऊन तुम्ही जाता तरी कुठे?" मी खरे तेच सांगते, की बहुतेक वेळा चहा प्यायला जातो. त्यावर ती माझ्या नवऱ्याकडे अशा नजरेने पाहते, की जणू हे सगळे त्यानेच खपवून घेतले आहे. इकडे इंग्लंडमध्ये, मुलांच्या रविवारच्या मराठी शाळेत भेटणारे पालक तोच प्रश्न जरा हिशेबी पद्धतीने विचारतात. तासाला 160 पौंड घालवून वीस मिनिटांवरच्या गवताच्या मैदानात उतरायचे, चहा घ्यायचा आणि आल्या वाटेने परत यायचे, यात आहे काय? तोंडी दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून इतक्यांनी विचारल्यावर ते एकदा लिहून काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. माझ्याकडे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे. त्यासाठी किमान 45 तासांचे उड्डाण शिक्षण लागते. मला नोकरी सांभाळून बरेच अधिक लागले. चार आसनांचे एक जुने पायपर वॉरियर विमान आम्ही आठ जणांनी मिळून घेतले आहे आणि ते बर्कशरमधल्या व्हाइट वॉल्टम या गवताच्या विमानतळावर उभे असते. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतून लष्करी तळांपर्यंत विमाने पोहोचवणाऱ्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीचे मुख्यालय येथे होते, आणि त्या दलात स्त्री वैमानिकही होत्या, हे मला विमानाच्या पंखावरचे दव पुसताना अधूनमधून आठवते.

परवाना मिळाल्यावर पहिले काही महिने मी आपल्याच विमानतळाभोवती घिरट्या घालत होते. तेव्हा लक्षात आले, की कुठे जायचे हे ठरलेले नसेल तर उडण्याचा कंटाळाही येऊ शकतो. मग क्लबमधल्या एका जुन्या सभासदाने नकाशा पसरला आणि पॉपमवर बोट ठेवले.

पॉपम हे हॅम्पशरमध्ये, एम-3 महामार्गावरून ए-303 रस्ता जेथे फुटतो तेथून जवळच आहे. गवताच्या दोन धावपट्ट्या, काही हँगर, एक लहानसे उपाहारगृह आणि बाहेर लाकडी टेबले, एवढाच पसारा. तेथे जाताना वाटेत लॅशम लागते. हे ग्लायडिंगच्या, म्हणजे बिनइंजिनाची विमाने उडवण्याच्या, जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक असल्याने आभाळात पांढरी ग्लायडर गोल गोल फिरत असतात आणि त्यांना लांबून वळसा घालावा लागतो. लहानपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जमिनीवरच्या विंच यंत्राच्या दोरीने ओढले जाणारे ग्लायडर मी गच्चीवरून तासन्‌तास पाहत असे. लॅशमजवळून जाताना मान आपोआप तिकडे वळते आणि शेजारी बसलेला नवरा, "समोर बघ," असे म्हणतो. पॉपमला पश्चिमेकडे तोंड करून उतरायचे असेल तर रस्त्याकडेच्या एका पेट्रोल पंपावरून जायचे नसते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात किंचित तिरके येऊन ऐन वेळी सरळ व्हावे लागते. पहिल्यांदा मी त्या पंपाकडे इतके लक्ष दिले, की त्याचे तेलाचे भाव मला वाचता आले असते, पण वेगाकडे दुर्लक्ष झाले.

आता खऱ्या उत्तराकडे येते. अशा जागी असेच जाऊन उतरता येत नाही. बहुतेक ठिकाणी आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ही परवानगी म्हणजे अर्ज किंवा शिक्का नसून अनेकदा केवळ एक फोन असतो. विमानाचा नोंदणी क्रमांक, कुठून निघणार, किती जण येणार आणि केव्हा पोहोचणार एवढे आपण सांगतो. पलीकडचा माणूस मात्र पुष्कळ सांगतो. धावपट्टीचा पूर्वेकडचा भाग मऊ आहे, तेथे ब्रेक लावू नका. उत्तरेच्या गावावरून उडू नका, चर्चच्या बाजूला राहा. शेजारच्या शेतात घोडे आहेत. या सूचनांमागे निव्वळ शिष्टाचार नाही. इंग्लंडमध्ये शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा धावपट्टी म्हणून तात्पुरता वापर नियोजन खात्याच्या परवानगीशिवाय वर्षातले 28 दिवस करता येतो. त्यापुढे शेजारपाजारचा प्रश्न येतो आणि आवाजाच्या तक्रारी वाढल्या तर धावपट्टी पुन्हा गव्हाची होते. त्यामुळे पाहुण्याने गावावरून उडणे म्हणजे यजमानाच्या दारातली रांगोळी पुसत आत जाण्यासारखे आहे.

अशा एका फोनवर मला जे ऐकायला मिळाले, त्याला मी आजवरचे सर्वांत प्रेमळ बोलणे मानते. डॉरसेटमध्ये शाफ्ट्सबरीजवळ, खडूच्या टेकड्यांवर, समुद्रसपाटीपासून 811 फूट उंचीवर कॉम्प्टन अॅबस हे विमानतळ आहे. तेथून दिसणाऱ्या देखाव्यासाठी लोक मुद्दाम मोटारीनेही येतात. धावपट्टी गवताची, सुमारे 800 मीटर लांब. आदल्या रात्री पाऊस झाला होता, सकाळी ऊन पडले होते आणि मी उत्साहात फोन केला. पलीकडच्या बाईंनी माझे विमान कोणते, गवतावर उतरण्याची सवय किती, हे शांतपणे विचारले आणि म्हणाल्या, "मैदान बंद नाही, पण मी तुमच्या जागी असते तर आज आले नसते."

मला क्षणभर वाईट वाटले आणि मग मी कागद घेऊन बसले. विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे कोरड्या, कठीण धावपट्टीवर उतरायला 350 मीटर लागतात असे धरू. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या सुरक्षा पत्रकानुसार ओल्या गवतासाठी त्यात 35 टक्के वाढवायचे, म्हणजे 473 मीटर. वर सुरक्षिततेसाठी 1.43 ने गुणायचे, की 676 होतात. पण गवत आखूड, हिरवे आणि ओले असेल तर ते साबणासारखे निसरडे असते, तेव्हा वाढ 60 टक्क्यांपर्यंत धरावी लागते आणि उत्तर 801 मीटर येते. धावपट्टी मात्र 800 मीटरच्या आसपास. त्या बाईंनी हा गुणाकार मनातल्या मनात कधीच केला होता. आमच्या येण्याने त्यांना उतरण्याचे शुल्क आणि दोन जणांच्या जेवणाचे पैसे मिळणार होते, तरीही त्यांनी येऊ नका असे सांगितले.

दोन आठवड्यांनी, कोरड्या दिवशी, मी तेथे गेले. विमानतळाच्या डोक्यावरून उंचावर यायचे, वाऱ्याची पिशवी कुठल्या बाजूला फुगली आहे ते पाहायचे, मोकळ्या बाजूला उंची कमी करत सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, शिरायचे, अशी येथली जुनी रीत आहे. रेडिओवरचा माणूस वाऱ्याची दिशा आणि वापरातली धावपट्टी सांगतो. पण छोट्या जागी तो नियंत्रक नसतो, त्यामुळे "उतरा" असे तो म्हणू शकत नाही. निर्णय सर्वस्वी आपला. टेकडीच्या कडेवर वारा हलतो, हे वाचून माहीत होते. अंगाने कळले ते त्या दिवशी. विमान एकदा अचानक खाली खचले, मी घाबरून इंजिनाला जास्त शक्ती दिली, आणि मग धावपट्टीच्या तोंडाशी भलतीच उंच आणि वेगात राहिले. खाली टेबलांवर बसलेली माणसे हातातले कप तसेच धरून पाहत आहेत, हे मला दिसत होते. लाजेपोटी उतरण्याचा हट्ट धरणे किती सोपे असते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. मी पूर्ण शक्ती दिली, वर गेले, पुन्हा फेरी मारली आणि दुसऱ्यांदा नीट उतरले. नोंदवहीत नाव लिहिताना खिडकीमागचे आजोबा म्हणाले, "ती पहिली फेरी चांगली होती." मला वाटले टोमणा आहे. तो नव्हता. तेथे बसणाऱ्या बहुतेकांनी स्वतः कधी ना कधी विमान चालवलेले असते, आणि वेळेवर सोडून दिलेले उतरणे त्यांना ओळखता येते.

परतीच्या वाटेवर हवा बिघडली, असेही एकदा झाले. ढग खाली येत गेले, पुढच्या टेकडीचा माथा दिसेनासा झाला आणि मी उजवीकडे वळून कधीही न पाहिलेल्या एका मैदानात, परवानगीशिवाय, रेडिओवर क्षमा मागत उतरले. पैसे द्यायला गेले तर ते घेतले नाहीत. ब्रिटनमध्ये स्ट्रासर योजना नावाची एक व्यवस्था आहे. हवा बिघडल्यामुळे किंवा संकटात सापडल्यामुळे जो उतरतो, त्याच्याकडून शुल्क घ्यायचे नाही, असे तीत सामील झालेल्या विमानतळांनी मान्य केले आहे. चार्ल्स स्ट्रासर या वैमानिकाने एकेका विमानतळाच्या मागे लागून ती उभी केली. उतरण्याचे पैसे पडतील या विचाराने कोणी पुढे रेटत राहू नये, एवढाच तिचा हेतू. अशा छोट्या जागी शुल्क फार मोठे नसते, पण अवघड वेळी डोके किती क्षुद्र हिशेब करते, हे मी त्या वळणावर स्वतः अनुभवले. तेथल्या एका गृहस्थांनी आम्हाला आपल्या चिखलाने भरलेल्या गाडीतून रेल्वे स्थानकावर सोडले, आणि विमान तीन दिवस त्यांच्या अंगणात राहिले.

आपल्याकडे हे करता येईल का, असेही विचारतात. जुहूच्या विमानतळावर 1932 मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या छोट्या विमानाने उतरले होते, तेव्हा परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. पण आज बारामती, धुळे, कराड येथल्या धावपट्ट्या मुख्यतः व्यावसायिक वैमानिक घडवण्यासाठी वापरल्या जातात, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी उडायचे तर हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो. मनात आले म्हणून कराडला चहाला जाणे कठीणच.

मागच्या उन्हाळ्यात मावशी इकडे आली तेव्हा तिला आइल ऑफ वाइट बेटावरच्या सँडाउनला न्यायचे ठरवले. एकाच इंजिनावर सोलंट ही सामुद्रधुनी ओलांडायची म्हणून लाइफ जॅकेट घालावे लागते, यावर तिने फारसे काही म्हटले नाही. पण वजन विचारल्यावर तिने पाच किलो कमी सांगितले, हे मला डोळ्यांनी दिसत होते. अशा विमानात इंधन आणि माणसे यांचा हिशेब किलोवर चालतो, म्हणून मी गुपचूप सात किलो वाढवून धरले. इतके करून निघण्याआधी सँडाउनला फोन केला, तर तेथे सकाळपासून समुद्रावरचे धुके हलले नव्हते. "दुपारी दोनला पुन्हा विचारा," असे सांगण्यात आले. दोनला विचारले, तरी तेच. मावशी लाइफ जॅकेट घालूनच क्लबच्या पायरीवर बसली होती. "नको म्हणाले का?" तिने विचारले. मी हो म्हटले. "मग इथेच मिळतो का चहा?"