तुम्ही विचारलंत म्हणून: खरंच आशा वाटते का?

नोव्हेंबर संपत आला की कोणीतरी विचारतंच. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, आणि बाबा गेल्यापासून तर नात्यातली माणसंपण विचारायला लागलीत, की एवढं सगळं होऊनसुद्धा दर रविवारी मेणबत्ती पेटवतेस, तर तुला खरंच आशा वाटते का गं, की आपली लहानपणापासूनची सवय? विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ, ॲडव्हेंट. चर्चचं नवीन वर्ष इथूनच सुरू होतं, २०२५ला ते ३० नोव्हेंबरला झालं. बाहेर वसईच्या बाजारात तोपर्यंत तारे लागलेले असतात, गाणी वाजत असतात, पण चर्चमध्ये वातावरण वेगळं, फादरांचा झगा जांभळा, वेदीवर फुलं कमी, आणि एरवी रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, म्हणतो ते गौरवगीत या चार रविवारी म्हणत नाहीत, ते नाताळसाठी राखून ठेवतात. घरी हिरव्या फांद्यांचं चक्र करतो (पाईन इथे कुठला मिळणार, आम्ही किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाच्या फांद्या वापरतो), त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं. ही पद्धत जर्मनीतली. योहान हिनरिख विखर्न नावाचे ल्युथरन पाळक हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी एक घर चालवायचे, ती मुलं नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून सारखी विचारायची, तर त्यांनी १८३९मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोजची एक छोटी आणि रविवारची मोठी. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा मुलांसाठी हे सुरू झालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण आशेचं विचाराल तर ती मला मेणबत्त्यांपेक्षा या दिवसांत चर्चमध्ये बायबलमधून जी वाचनं होतात त्यांत सापडली. पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूबद्दलच्या वाचनात, ना गोठा ना बाळ, फक्त एवढंच की जागे राहा, प्रभू कधी येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. दुसऱ्या रविवारी, दर वर्षी नाही पण काही वर्षी, यशया संदेष्टा म्हणतो की इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या वडिलांच्या, वंशाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. म्हणजे झाड तुटलंय हे तो आधीच मान्य करतो, तुटलेलंच नाही असं नाही सांगत. आमच्या वाडीत केळी होत्या, घड उतरवला की ते झाड तोडूनच टाकायचं, आणि बुडाशी मुनवा, म्हणजे नवा कोंब, आधीपासून उभा असायचा. बाबा उतरवलेल्या घडापेक्षा त्या मुनव्याकडे जास्त वेळ बघत बसायचे.

तिसरा रविवार आनंदाचा. त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती, बऱ्याच ठिकाणी फादरांचा झगापण गुलाबी. आणि वाचनांचं जे तीन वर्षांचं चक्र आहे त्यातल्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०२२ला होतं आणि २०२५ला परत होतं, या आनंदाच्या रविवारी शुभवर्तमान कुठलं असतं माहितेय? तुरुंगातलं. बाप्तिस्मा करणारा योहान हेरोद राजाच्या कैदेत आहे, जोसेफस नावाचा इतिहासकार सांगतो की मृत समुद्राच्या पलीकडच्या मकेरस किल्ल्यात. ज्याने अख्खं आयुष्य 'तो येतोय, तयार राहा' असं सांगण्यात घालवलं, तोच आता शिष्यांना पाठवून येशूला विचारतो, की येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट बघायची?

बाबा २०२२च्या सप्टेंबरमध्ये गेले, दोन वर्षं डायलिसिस, किती नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, किती मिस्सा सांगितल्या. त्या डिसेंबरात मी हे वाचन बाकावर बसून ऐकलं आणि पहिल्यांदा मला कळलं की हा प्रश्न विचारायला चर्चमध्ये जागा आहे, आणि तीसुद्धा नेमकी आनंदाच्या रविवारी.

येशूचं उत्तरपण बघा. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. म्हणतो, जा आणि जे ऐकता, जे पाहता ते योहानाला सांगा, आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. ही सगळी भाषा यशयाची. पण यशयाच्याच पुस्तकात बंदिवान सुटतील असंही लिहिलंय, आणि तेवढं मात्र येशूच्या निरोपात नाही. योहानाला ते लगेच लक्षात आलं असणार असं मला वाटतं. तो सुटला नाहीच, हेरोदाने त्याला तिथेच मारलं. पण शंका घेतली म्हणून येशू त्याला एक शब्द बोलत नाही, उलट शिष्य परत गेल्यावर लोकांना सांगतो की स्त्रीच्या पोटी जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही.

हे ऐकलं की मला फादर स्टॅन स्वामी आठवतात, झारखंडच्या आदिवासींमध्ये काम करणारे आणि भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेले. २०२०चा आगमनकाळ त्यांचा तळोजा जेलमध्ये गेला, वय ८३, पार्किन्सनमुळे हातात पेला धरवत नव्हता. तेव्हाच्या पत्रात त्यांनी तक्रारी नाही लिहिल्या, सोबतचे कैदी जेवायला, अंघोळीला कशी मदत करतात, कपडे धुवायला हात लावतात, गुडघे चोळून देतात, ते लिहिलं, आणि त्या गरीब घरच्या कैद्यांसाठी प्रार्थना करा म्हणाले. ५ जुलै २०२१ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात ते गेले, जामीन मिळालाच नाही. जे पाहिलं ते सांगणं म्हणजे काय, ते मला त्या पत्रातून समजलं.

तर आशा वाटते का? रोज नाही वाटत. कित्येकदा आईला बाबांच्या खुर्चीकडे बघताना पाहिलं की काहीच वाटत नाही, नुसतं रिकामं. पण माझा विश्वास आहे की प्रभू येतो, आणि तो विश्वास माझ्या त्या दिवशीच्या मूडवर उभा नाहीये. मला वाटो न वाटो, तो येतो. हे मी अगदी ठामपणे सांगू शकते.

आता आमच्या घरी मेणबत्ती पेटवली की प्रत्येकाने त्या आठवड्यात स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगायची, व्हॉट्सॲपवर आलेली चालत नाही. आईने सांगितलं की डायलिसिसच्या तिथली एक सिस्टर अजून फोन करून तिची चौकशी करते. मी सांगितलं की पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना रोज संध्याकाळी वॉचमन हात धरून एक चक्कर मारून आणतो. माझा मुलगा एकदा म्हणाला, मला या आठवड्यात काहीच दिसलं नाही, तर आम्ही त्याला ओढूनताणून बोलायला लावलं नाही, त्याच्या वाटची मेणबत्ती त्यानेच पेटवली आणि जेवायला बसलो.

तुम्हाला यावंसं वाटलं तर खरंच या. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही बसतो, आमच्या प्रार्थना येत नसल्या तरी काही बिघडत नाही, नाताळच्या नेवऱ्या मात्र अजून झालेल्या नसतात, तेव्हा चहा आणि बटर मिळेल.