शिवडीला जाताय? आधी तिथी बघा

जानेवारीतला रविवार. पेपरात पान भरून फोटो: खाडीत गुलाबी रंग सांडलेला, आणि वर मथळा ‘गुलाबी पाहुण्यांचे आगमन’ छापाचा. हा मथळा दर हिवाळ्यात येतो. पाहुणे नेहमी गुलाबीच असतात, ते नेहमी ‘आगमन’च करतात आणि मुंबईकर नेहमी ‘गर्दी’च करतात. शेजारच्या बातमीत सोळा अंश तापमानाला मुंबई ‘गारठली’ होती. कराडहून आलेला माझा मेव्हणा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात ते वाचून खो खो हसत होता. त्याला म्हटलं, 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला 7.4 अंश नोंदलेत, तेव्हा आम्हालाही गारठता येतं. म्हणाला, ‘‘बासष्ट सालचं काय सांगताय दाजी, आजचं बोला.’’

तर फ्लेमिंगो. बायकोची संकष्टी होती, तरी ती तयार झाली, कारण ‘‘पक्षी बघायला काय खावं थोडंच लागतं.’’ गोरेगावहून हार्बरची सीएसएमटी गाडी थेट शिवडीला जाते. रविवारी सकाळी बसायला जागा मिळते, त्यामुळे त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते शिवडी स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडल्यावरचं.

स्टेशनपासून बंदराच्या धक्क्यापर्यंत अंतर जेमतेम दोन किलोमीटर. रिक्षा मिळणार नाही. रिक्षा शीव-माहीमच्या खाली येत नाहीत, हे उपनगरातला माणूस दर वेळी विसरतो आणि दर वेळी हात वर करून उभा राहतो. मीही राहिलो. मेव्हण्याने विचारलं, ‘‘दाजी, कुणाला हात करताय?’’ मग एक टॅक्सी दिसली. मीटर पालथा, चालक पाय दारातून बाहेर काढून बसलेला. ‘‘फ्लेमिंगो? दीडशे.’’ मीटरने जा म्हटलं तर म्हणे तिकडून रिकामं यावं लागतं. आता पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, पुढचं धरून चाळीसच्या वर एखादा रुपया. रिकामं येण्याचेही चाळीस धरा, तरी ऐंशी. वरचे सत्तर कसले, ते मी विचारलं. त्याने पेपरातल्या फोटोकडे बोट दाखवलं. तोच पेपर माझ्या काखेत होता.

दिले दीडशे. तुम्ही देऊ नका. चालत जा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पण तो रस्ता कसा आहे तेही ऐका, कारण कुठल्याच बातमीत तो नसतो. दोन्ही बाजूंना गोदामं, उभे ट्रक, टँकर. फुटपाथ आहे असं म्हणायला वाव आहे, पण त्यावर टायर, क्लीनरच्या बादल्या आणि झोपलेली कुत्री आहेत, म्हणून चालायचं रस्त्यावरून. मागून कंटेनर आला की तो हॉर्न देत नाही, नुसता मोठा श्वास सोडल्यासारखा ब्रेक मारतो. धूळ अशी की पांढरा बूट घालून गेलात तर परतीला रंग विचारू नका. पंधरा किलोमीटरचा ट्रेक मी हसत करेन, हे दोन किलोमीटर कपाळाला आठ्या घालून केले. लहान मूल असेल तर त्याला मधल्या बाजूला अजिबात चालवू नका. पाणी आणि खाणं स्टेशनजवळच घ्या. पुढे धक्क्यावर काही मिळेल या भरवशावर राहू नका, आणि स्वच्छतागृहाचं काम स्टेशनलाच उरकून घ्या.

सव्वाआठला धक्क्यावर पोचलो. दुरुस्तीला ओढलेल्या लाकडी बोटी, डिझेलचा वास आणि समोर चिखल. पाणी नाही. नजर जाईल तिथवर करडा, चकाकणारा चिखल, त्याच्या पलीकडे अटल सेतू आणि सेतूच्या अलीकडे, फार फार अलीकडे नव्हे, एक फिकट रेघ. खडूने ओढून हाताने पुसल्यासारखी.

‘‘दाजी, हे बघायला आलो व्हय आपण?’’

आमच्यासारखे साठ-सत्तर लोक तिथे होते. सगळ्यांचे मोबाइल झूमवर. झूम केल्यावर फोटोत काय येतं, तर पांढरे ठिपके. गुलाबी सुद्धा नाहीत. लहान वयाचे फ्लेमिंगो करडे-मळकटच असतात, रंग पुढे चढतो, तोही खाण्यातून. चिखलातल्या शेवाळात आणि बारीक जिवांत जे रंगद्रव्य असतं ते पिसांत उतरतं. नव्वदच्या दशकापासून हे पक्षी मुंबईच्या खाडीत हजारोंनी येऊ लागले. शेवाळ इथे एवढं का माजलं, तर आपण सोडलेल्या सांडपाण्याचा त्यात मोठा हात असल्याचं अभ्यासक सांगतात. म्हणजे कच्छहून पाहुणे येतात ते आपल्या मोऱ्यांच्या भरवशावर. हा मथळा मात्र कुणी देत नाही.

दुसरी फसगत फोटोची. पेपरातला फोटो शिवडीचा नव्हताच, हे मला घरी येऊन खालची बारीक ओळ वाचल्यावर कळलं. तो ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यातला होता. ते 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. शिवडी त्या अभयारण्यात येत नाही. तिकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोट जाते, आणि बोटीतून हातभर लेन्स लावून काढलेला फोटो पाहून आपण शिवडीच्या धक्क्यावर मोबाइल काढतो.

दहाच्या सुमारास बायकोने राजगिऱ्याचा लाडू काढला. मेव्हणा चिखलाच्या कडेला उकिडवा बसून निवट्या बघत होता. हे मात्र खरोखर बघण्यासारखं. बोटभर लांबीचा मासा, डोळे कपाळावर बसवल्यासारखे, आणि पाण्यात राहायचं सोडून चिखलावर पुढच्या परांनी रांगत निघालेला. मध्येच उडी. एकाने दुसऱ्याला हद्दीतून हाकललं, पाठीवरचा पर ताठ उभा करून. फूटभर अंतरावर एक खेकडा एकच मोठा नांगा वर-खाली करत होता, टॅक्सी बोलावल्यासारखा. फ्लेमिंगोपेक्षा पहिल्या दिवशी मला हेच जास्त दिसलं. चिखलात उतरू नका मात्र. एकजण चांगल्या फोटोसाठी दोन पावलं आत गेला, तो गुडघ्याएवढा रुतला. त्याला बाहेर काढला, चप्पल तिथेच राहिली.

मग शिवडीचा किल्ला पाहिला. 1680 मध्ये इंग्रजांनी खाडीवर नजर ठेवायला बांधलेला. छोटा, सावलीचा, शांत. बरा आहे.

साडेअकराला स्टेशनवर आलो तर मेगाब्लॉक. सीएसएमटी ते चुनाभट्टी-वांद्रे हार्बर बंद, चारपर्यंत. ही बातमी त्याच पेपरात, त्याच पानावर, गुलाबी फोटोच्या खाली बोटभर चौकटीत होती. हार्बरच्या प्रवाशांना मेन आणि पश्चिम रेल्वेने जायची मुभा असते, पण शिवडीला मेनही नाही आणि पश्चिमही नाही. मुभा घ्यायला आधी दादरला जायचं. टॅक्सी. आकडा सांगत नाही, बायको वाचेल.

दुसऱ्या दिवशी बाजारात कोळीण मावशीला हे सांगितलं. पापलेट साफ करता करता ती थांबली. ‘‘चवथीला सकाळी नऊला गेलेलास? सुकतीला? शाळेत काय शिकवलं रे तुला?’’ सुकती म्हणजे ओहोटी. मग तिनेच हिशोब सांगितला, आणि ह्या सगळ्या लिखाणातला जपून ठेवायचा भाग तोच आहे.

तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला. आम्ही बरोब्बर ओहोटीच्या मुहूर्तावर जाऊन उभे होतो, आणि तेही पौर्णिमेपासून चारच दिवसांवर, म्हणजे उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी) पुरतं ओसरलेलं नसताना, जेव्हा पाणी जास्तच लांब हटतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पक्षी बघायला एवढं पुरे. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच.

गंमत अशी की पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की ती पहिल्या पानावर येते, वेळेसकट. उरलेले आठ महिने भरतीला कुणी विचारत नाही.

आता फ्लेमिंगोंचं गणित. पूर्ण ओहोटीला ते पाण्याच्या कडेला, म्हणजे मैलभर दूर. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून जातात. भरती चढत असताना, पूर्ण व्हायच्या तीन ते दीड तास आधी, पाणी त्यांना ढकलत धक्क्याकडे आणतं. शिवाय धक्क्याचं तोंड पूर्वेला. सकाळी गेलात तर सूर्य डोळ्यात आणि पक्षी काळे. म्हणजे दुपारी भरती चढणारी तिथी हवी: पंचमी, षष्ठी, सप्तमी. आणि वार शनिवार, रविवारी ब्लॉक.

मार्चमध्ये असा शनिवार-षष्ठीचा योग पाहून मी पुन्हा गेलो. मेव्हण्याला फोन केला, तो ‘‘ठिपके बघायला कराडहून येऊ का?’’ म्हणाला आणि आला. भरती साडेचारची, आम्ही पावणेदोनला धक्क्यावर. या वेळी चालत. ऊन असं की टोपी नसती तर परत फिरलो असतो. टोपी आणि दुर्बीण या दोन गोष्टी नसतील तर जाऊ नका. आठ पटीची साधी दुर्बीण चालते. मोबाइलचा झूम चालत नाही.

अडीचपर्यंत काही नाही. मग चिखलातल्या ओघळींत पाणी शिरलं, आणि ती खडूची रेघ जाड व्हायला लागली. तीनच्या सुमारास ते समोर होते. हजारांत असतील, मोजायच्या भानगडीत पडलो नाही. बसक्या, सतत चाललेल्या कलकलाटाने कान भरून गेले. फ्लेमिंगो खातो कसा ते दुर्बिणीतून बघाच: मान खाली, डोकं पूर्ण उलटं, चोच पाण्यात पालथी, आणि जिभेने पाणी ओढून चोचीच्या झालरीतून गाळून बाहेर. पाय मात्र चालूच, जागच्या जागी चिखल तुडवत. एक थवा उठला तेव्हा पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला, आणि मेव्हण्याच्या तोंडून काही शब्द आला नाही. कराडचा माणूस गप्प बसला हे मी तारखेसह लिहून ठेवलंय.

स्पष्टच सांगतो: तिथी जुळत असेल तर शिवडी मुंबईतली सगळ्यात स्वस्तातली भारी गोष्ट आहे. जुळत नसेल तर घरी बसा, चहा करा. ऐरोलीची बोट आम्ही अजून केलेली नाही, तीही भरती बघूनच सुटते, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. मे संपत आला की पक्षी निघतात, मग धक्क्यावर फक्त बोटी आणि डिझेल.

परतताना पाय उचलत नव्हते, म्हणून टॅक्सीला हात केला. चालकाने न बोलता मीटर टाकला. मी सबंध रस्ताभर त्या मीटरकडेच बघत होतो. स्टेशनला एकेचाळीस झाले. पन्नासची नोट दिली, त्याच्याकडे सुटे नव्हते. नऊ रुपये राहू दे म्हटलं. मेव्हणा म्हणाला, ‘‘दाजी, त्या दीडशेवाल्याचे भाऊबंद झाला तुम्ही.’’