चोपन्न की पंचेचाळीस?

जर्मनीत आलो तेव्हा लेक तिसरीत होती. पहिले तीन महिने तिच्या गणिताच्या वहीत लाल शाईच जास्त. बाई ‘फीअरउंडफ्युन्फत्सिश’ म्हणाल्या की ही लिहायची ४५. जर्मनमध्ये एकक आधी, दशक मागून, म्हणजे ‘चार आणि पन्नास’. हिनं ऐकलं तसं लिहिलं, आधी ४, मग ५. पुढची बेरीज बिनचूक, उत्तर चूक.

पालकसभेत बाई म्हणाल्या, गणित जरा कच्चं आहे. तिकडे भारतात गणिताच्या तासाला हिचा हात खालीच यायचा नाही! आणि आता घरी येऊन म्हणते, “आई, मला मॅथ्स येतच नाही.” मला लागलं ते हे. ‘मला जर्मन येत नाही’ असं ती एकदाही म्हणाली नव्हती.

इथे वर्गात बोलण्यालाही गुण असतात. तर्जनी वर करायची आणि उत्तर द्यायचं. हिला उत्तर माहीत असायचं, पण नामाच्या लिंगाप्रमाणे शब्दाआधी डेर लावायचं की डी की डास, हे मनात जुळवेपर्यंत दुसरंच कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. हळूहळू बोट वर जाणं थांबलं.

वर्षभरात मैत्रिणींशी फाडफाड बोलायला लागली, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण शाब्दिक उदाहरण आलं की पुन्हा गप्प. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्येच हा फरक मांडला होता. गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची यायला पाच ते सात लागतात. मी हे फार उशिरा वाचलं. तोवर “एवढं छान बोलतेस, मग हे का नाही येत?” असं मीही तिला ऐकवलं होतं.

गाठ सुटली ती आजीच्या व्हिडिओ कॉलमुळे. आजी पाढे म्हणून घेत होती. नऊ पाचे पंचेचाळीस, नऊ सक चोपन्न. लेक थबकली. “चो... पन्न. चार आधी! आई, हे लोक मराठीत मोजतात?” (एकोणसाठला गाडी अडली, पण तेवढं चालायचंच.)

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आलं तेव्हा मीही नाकं मुरडणाऱ्यांतच होते. इथे तर ‘त्स्वान्त्सिशआइन्स’, म्हणजे शब्दशः ‘वीस एक’, अशा नावाची संस्थाच आहे आणि तिचीही मागणी तीच. आता हसायची हिंमत होत नाही.

आता आकडे ऐकताना लेक ओठांत मराठी पुटपुटते आणि गणिताला बोट वर जातं. विज्ञानाच्या धड्याला मात्र अजून नाही. परवा तिला बाष्पीभवनाचा जर्मन शब्द अडला. मी म्हटलं, मराठीत सांग, मग शोधू. तर तिला तोही माहीत नव्हता. तिकडे आम्ही तिला हौसेनं इंग्रजी माध्यमात घातलं होतं ना.