गव्हाला एस नाही, ओट्सला आहे

वाशीत मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. येणारे बहुतेक तुर्भ्याच्या बाजार समितीतले. गाळ्यावरचे मेहताजी आणि एक्स्पोर्टच्या ऑफिसात बिलं करणाऱ्या मुली. त्यांना भाषणं ठोकायची नसतात, पॅकिंग लिस्ट बिनचूक हवी असते.

त्या दिवशी नाऊनचे प्रकार होते. फळ्यावर शाळेतले तेच पाच खण: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट. प्रॉपर नाऊनमध्ये वारांची आणि भाषांची नावंही कॅपिटल अक्षराने सुरू होतात, एवढंच त्यांना नवीन होतं. मटेरियलशी आल्यावर मी पुस्तकातला नियम सांगितला. हे द्रव्याचं नाव, याला सहसा अनेकवचन नाही. गोल्ड, राइस, व्हीट.

दाणा मार्केटातले एक काका म्हणाले, "मॅडम, मग ओट्सला एस कशाला?" त्यांच्या पिशवीत नमुन्याच्या पुड्या होत्याच. त्यांनी बाकावर एकेक सोडायला सुरुवात केली. गहू व्हीट, एस नाही. ओट्सला आहे. तांदूळ राइस, मसूर मात्र लेंटिल्स. बारीक दाणा मोजता येत नाही म्हणावं, तर मक्याचा दाणा चांगला टपोरा, तरी कॉर्न ते कॉर्नच. आणि जवळजवळ तेवढाच वाटाणा मात्र पीज.

मग वर्ग माझ्या हातात राहिला नाही. सगळे पुड्यांभोवती. मसाला मार्केटातल्या ताईंनी भर घातली: लवंगेला, काजूला एस, जिऱ्याला, हळदीला नाही. मिरी म्हणजे नुसतं पेपर. एस लावून पेपर्स लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ढोबळी मिरची. म्हणजे एका अक्षराने मालच बदलला! आकार, भाव, काहीही लावून पाहिलं, नियम बसेना.

वाटाण्याची गोष्ट मला ठाऊक होती, ती सांगितली. इंग्रजीत पूर्वी 'पीझ' हा गव्हासारखाच ढिगाचा, एकवचनी शब्द होता. शेवटचा उच्चार अनेकवचनासारखा वाटला म्हणून लोकांनी तो छाटून 'पी' हा एक दाणा तयार केला. काका खूश. "म्हणजे गोऱ्यांचाही घोळच."

त्यावर ताई म्हणाल्या, "आपलं तरी काय? घरी आपण तांदूळ धुतले म्हणतो, पोहे भिजवले म्हणतो. ज्वारी मात्र दळली. आणि बाजारात आलं की तांदूळ महागला, कांदा उतरला. एकच कांदा उतरतो का?" सगळे हसले. मला मात्र एवढं नेमकं उदाहरण कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळालं नव्हतं. घरात दाणे दिसतात, बाजारात माल दिसतो.

माझं मत विचाराल तर ते पाच खण दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवतात. नाव कशाचं आहे हा एक, आणि वाक्यात ते मोजलं जातं का हा दुसरा. बिल करणाऱ्याला दुसराच लागतो. चिकन ताटात असेल तर मोजायचं नाही, खुराड्यात असेल तर अ चिकन, टू चिकन्स. कॉफी द्रव्य खरी, पण हॉटेलात टू कॉफीज चालतं. राइसेससुद्धा वेगवेगळ्या जातींबद्दल बोलताना चुकीचं नाही, गोणींच्या यादीत मात्र ते नको. म्हणून पाठांतर सोडून त्यांना विद्यार्थ्यांसाठीची इंग्रजी डिक्शनरी उघडायला लावली. तिथे नामापुढे सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल, काहींपुढे दोन्ही.

काकांच्या लिस्टवर 'राइसेस 200 बॅग' होतं. त्यांनी खोडून '200 बॅग्ज ऑफ राइस' केलं. एस गोणीला लागला, तांदळाला नाही. लसणाचं ताईंनी शेवटी काढलंच. गार्लिक मोजत नाहीत, पण पाकळी मोजायची तर क्लोव्ह, आणि त्यांच्या लिस्टवर क्लोव्ह्ज म्हणजे लवंग. तिथे पुढे 'ऑफ गार्लिक' लिहायचं ठरलं. अ‍ॅबस्ट्रॅक्टचा खण पुढच्या वर्गावर ढकलला.